गळ्यावर चालवलेला संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी, हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



यंदा बाहेरून वक्ते आणायचे नाहीत, आपल्यातल्याच कोणी चार शब्द बोलायचे असे ठरले आणि ती माळ माझ्या गळ्यात पडली. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण असे शाळेत पंधरा ऑगस्टला केले तेवढेच. पण आशाबाई भोसल्यांवर बोला असे चिटणीसबाई म्हणाल्या, तेव्हा मी लगेच हो म्हटले. कणीक मळताना आणि भांडी विसळताना इतकी वर्षे माझ्या सोबतीला त्यांचाच आवाज आहे. दुसरेही एक कारण आहे, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

आपल्या लेकीसुनांना विचारा, आशाबाई कुठल्या? मुंबईच्या म्हणतील. त्यांचा जन्म आपल्या सांगलीचा, ८ सप्टेंबर १९३३ चा. वडील मास्टर दीनानाथ मूळचे गोव्याकडच्या मंगेशीचे. त्यांनी १९१८ साली भागीदारांबरोबर बळवंत संगीत मंडळी काढली आणि पुढे बिऱ्हाड सांगलीत केले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीतास्वयंवर' केले त्या गावात नाटकवाल्याने घर करावे यात नवल ते काय? पण तेवढ्यात बोलपट आला. लोक नाटक सोडून तिकडे धावले. दीनानाथांच्या मंडळींनीही १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' नावाचा बोलपट काढून पाहिला, पण ते गणित बसले नाही. भरलेले घर रिकामे झाले. २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात दीनानाथ गेले, तेव्हा आशाबाई आठ वर्षांच्या होत्या आणि थोरल्या लताबाई बारा.

या दोघी बहिणींच्या शाळेची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. लताबाई धाकट्या आशेला कडेवर घेऊन शाळेत गेल्या. एका फीमध्ये दोघी बसायच्या नाहीत असे मास्तर म्हणाले. बहिणीला सोडून मी येणार नाही म्हणून लताबाई घरी आल्या, त्या पुन्हा शाळेत गेल्याच नाहीत. माझी शाळा सातवीला सुटली याचे मला पूर्वी फार वाटत असे. ही गोष्ट ऐकल्यापासून जरा कमी वाटते.

पुढे १९४३ साली 'माझं बाळ' या मराठी चित्रपटात आशाबाई पहिल्यांदा गायल्या. संगीत दत्ता डावजेकरांचे, आणि गाणारी दहा वर्षांचीही नव्हती. हिंदीत १९४८ च्या 'चुनरिया'पासून सुरुवात झाली. आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. नायिकेची चांगली गाणी त्या काळी लताबाईंना, गीता दत्तांना, शमशाद बेगमना जात. उरलेली आशाबाईंना. उरलेली म्हणजे कोणती? खलनायिकेची, क्लबात नाचणाऱ्या बाईची, कमी पैशांत काढलेल्या चित्रपटांची. मिळेल ते त्यांनी घेतले. आपण नाही का, थोरल्या जावेने निवडून उरलेली भाजी निमूट चिरतो, आणि मग तीच भाजी सगळे वाढून घेतात!

तो उरलेला वाटा त्यांना का घ्यावा लागला, हे सांगायला मला थोडे घरातले बोलावे लागेल. सोळाव्या वर्षी माहेरच्यांच्या मनाविरुद्ध त्यांनी लग्न केले आणि मंगेशकरांच्या भोसले झाल्या. (सातारकरांना हे आडनाव नवे नाही, पण ते घराणे वेगळे.) संसार सुखाचा झाला नाही. १९६० साली त्या माहेरी परतल्या. दोन मुले हाताशी, तिसरे पोटात. नाव तोवर झाले होते. १९५७ च्या 'नया दौर'मध्ये ओ. पी. नय्यरांनी नायिकेची सगळी गाणी त्यांच्याकडून गाऊन घेतली होती. पण नावावर लेकरांचे दूध येत नाही. त्यासाठी रोज जाऊन ध्वनिक्षेपकापुढे उभे राहावे लागते.

आणि ते उभे राहणे आजच्यासारखे सोपे नव्हते. हल्ली म्हणे एकेक ओळ वेगळी गाऊन मग जोडतात. त्या वेळी गाणारी आणि सारे वादक एकदमच. शेवटच्या कडव्यात सारंगीवाला चुकला तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. घरी मूल तापाने फणफणले असले तरी गाण्यात हसायचे म्हणजे हसायचे. आशाबाईंच्या गाण्यातले ते हसणे, तो उसासा, शब्दाला मध्येच दिलेला हिसका पुष्कळांना थिल्लर वाटतो. मला त्यात कसब दिसते. लताबाईंचे गाणे आपण देवघरात लावतो, आशाबाईंचे स्वयंपाकघरात. दोन्ही खोल्या घराच्याच आहेत.

आता ते दुसरे कारण. आपल्या मंडळाच्या सभासद-अर्जावर एक रकाना आहे, 'पतीचे नाव व व्यवसाय'. संस्थापक बायकांनी तो छापला तेव्हा त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण गेल्या चैत्रात एका भगिनीने तो रकाना कोरा ठेवून अर्ज दिला. ती दोन मुलांना घेऊन माहेरी आलेली आहे. पहाटे चारला उठून खानावळीच्या पोळ्या लाटते. अर्ज अजून कपाटात पडून आहे. तो कोणाचा ते मी इथे सांगत नाही. मी हा विषय काढला तेव्हा एकजण म्हणाल्या, "आशाबाईंची गोष्ट निराळी, त्या मोठ्या." अहो, १९६० साली आशाबाई आपल्या गल्लीत राहायला आल्या असत्या, तर त्या मोठ्या आहेत हे आपल्याला कळले असते का? आपण एवढेच पाहिले असते, की बाई नवऱ्याला सोडून आली आणि सिनेमात गाते. शिवाय आशाबाईंनीच एका मुलाखतीत सांगितले होते, की गायिका झाले नसते तर स्वयंपाकीण झाले असते, चार घरी स्वयंपाक करून पैसे मिळवले असते. म्हणजे त्यांना स्वतःला त्यात काही निराळे वाटत नव्हते. तो रकाना काढून त्या जागी नुसते 'आपला व्यवसाय' असे छापावे, अशी माझी सूचना आहे. चिटणीसबाईंनी ती लिहून घ्यावी.

आता लावणीचे. यंदाच्या कार्यक्रमातून साताऱ्याच्या वाटेवरची ती बुगडीची लावणी वगळावी, असे काहींचे म्हणणे पडले. ही लावणी १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मधली. शब्द माडगूळकरांचे, चाल वसंत पवारांची, पडद्यावर जयश्री गडकर आणि गळा आशाबाईंचा. माडगूळ हे आपल्या आटपाडी तालुक्यातले गाव. आणि गंमत अशी, की ती लावणी आली तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नावही दक्षिण सातारा होते. सांगली जिल्हा हे नाव १९६० सालचे. माझे माहेर सातारा, सासर सांगली, तेव्हा मला तर ती दोन्हीकडून घरची. बुगडी हा कानाच्या वरच्या पाळीचा दागिना. तो हरवला आणि घरी काय सांगायचे, ही बाईची फजिती त्यात आहे. आशाबाईंनी ती अशी गायली आहे, की लाजही ऐकू येते आणि मिस्कीलपणाही. ज्यांना त्यात वावगे वाटते त्यांनी घरी दार लावून एकदा ती म्हणून पाहावी. पहिल्या कडव्यातच दम लागतो!

याच बाईंनी वडिलांची नाट्यपदेही गायली आणि अभंगही. १९६६ साली राहुलदेव बर्मन यांचे 'तीसरी मंझिल'चे इंग्रजी वळणाचे गाणे ऐकल्यावर हे आपल्याने होणार नाही असे त्यांना वाटले होते. चाल बदलू का, असे त्यांनी विचारले. आशाबाई नको म्हणाल्या आणि दहा दिवस तालीम करून ते गायल्या. पुढे १९८० मध्ये त्या दोघांचे लग्न झाले. १९९४ च्या जानेवारीत ते गेले. १९८१ च्या 'उमराव जान'साठी खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले, आणि सरकारचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना त्याच चित्रपटासाठी मिळाला. फाळके पुरस्कार, २००८ चे पद्मविभूषण, महाराष्ट्रभूषण ही यादी मी वाचत नाही, तिळगूळ वाटायचा राहिला आहे. २०११ साली गिनीजच्या पुस्तकात सर्वांत जास्त गाणी ध्वनिमुद्रित केल्याची नोंद झाली, वीसहून अधिक भाषा आणि अकरा हजारांपर्यंत गाणी, एवढे मात्र सांगते.

परदेशातही त्यांचे नाव झाले. १९९७ साली इंग्लंडातल्या एका वाद्यवृंदाने आशाबाईंच्या नावाचेच गाणे रचले आणि ते तिकडे खूप गाजले. २००२ साली त्यांनी दुबईत स्वतःच्या नावाचे उपाहारगृह काढले. स्वयंपाकीण होण्याची हौस अशी फिटली म्हणायची. पण दुःखही वाट्याला आले. लेक वर्षा २०१२ मध्ये गेली आणि थोरला हेमंत २०१५ मध्ये. त्यावर मी काय बोलणार? आईला काय होते ते इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरही त्या गायला उभ्या राहिल्या. २०२४ च्या डिसेंबरात, एक्याण्णवाव्या वर्षी, त्याच दुबईत पांढरी साडी नेसून त्यांनी आजच्या पोरांचे नवे गाणे म्हटले आणि वर नाचाचा ठेकाही धरला. आमच्या फुगडीला यंदा चारच जणी उठल्या, बाकीच्यांचे गुडघे!

कार्यक्रमपत्रिकेत लावणी पाचवी आहे आणि पेटीवाले आलेले आहेत. अर्जाच्या रकान्याचा विषय येत्या मंगळवारच्या सभेत चार वाजता निघेल. गेल्या खेपेस गणसंख्या भरली नाही म्हणून ती सभा तहकूब झाली, तेव्हा या वेळी सर्वांनी वेळेवर यावे.