परदेशची पदवी, घरचा परवाना



बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ नीटचा लागतो, आणि आपल्या तीर्थपुरीसारख्या गावांतल्या काही घरांत एकच बोलणं सुरू होतं. लेकरानं लातूरला राहून क्लास केलेले असतात. सरकारी एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकलेली असते, खाजगी कॉलेजची फी झेपणारी नसते. मग कुणीतरी सुचवतं, रशियाला पाठवा, जॉर्जियाला पाठवा, किर्गिझस्तानला पाठवा. सहा वर्षांत डॉक्टर होऊन येईल. बाप रानाकडे बघतो आणि एकराचा हिशोब मांडतो. त्या बापाशी आणि त्या आईशी मला आज बोलायचं आहे. परदेशातून लेकरू पदवी घेऊन येतं, पण रुग्णाला हात लावायचा परवाना त्याला इथेच मिळवावा लागतो.

तो कसा मिळतो? परत आल्यावर आधी एक परीक्षा द्यावी लागते. तिचं नाव एफएमजीई. मुलं तिला स्क्रीनिंग टेस्ट म्हणतात. ती २००२ पासून सुरू आहे. वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात. ऐकायला सोपं वाटतं. पण २०२४ च्या जून सत्रात बसलेल्यांपैकी साधारण पाचांतला एकच पास झाला. पास झाल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग मान्यताप्राप्त रुग्णालयात १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्यानंतर कायम नोंदणी. म्हणजे सहा वर्षांनंतरची दोन-तीन वर्षं हिशोबात धरायलाच हवीत. ती धरली नाहीत, तर घर मधेच अडकतं.

दुसरी गोष्ट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांची. १८ नोव्हेंबर २०२१ पासून हे नियम कडक झाले. परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा आणि शिकवण्याची भाषा इंग्रजी हवी. जिथे शिकायचं त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप व्हायला हवी; इथली इंटर्नशिप त्याशिवाय. त्या पदवीवर त्या देशाच्या नागरिकाला जसा व्यवसायाचा परवाना मिळतो, तसा आपल्या मुलालाही मिळायला हवा. आणि प्रवेशापासून १० वर्षांच्या आत सगळं पूर्ण व्हायला हवं. फिलिपिन्सला आधी बी.एस. आणि मग चार वर्षांचा एम.डी. अशी रचना होती. चार वर्षं म्हणजे ४८ महिने. सहा महिने कमी पडले, आणि तिथे गेलेल्या मुलांपुढे मोठा प्रश्न उभा राहिला.

युक्रेनचं तर सगळ्यांनी पाहिलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध पेटलं आणि हजारो मुलं अर्धवट शिक्षण टाकून घरी आली. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी उरलेला अभ्यास ऑनलाइन पूर्ण केला. त्यांना स्क्रीनिंग टेस्टला बसू दिलं, पण इंटर्नशिप एका वर्षाऐवजी दोन वर्षांची ठेवली. मुलांना ते जड गेलं. तरी त्यामागचं कारण खोटं नव्हतं. पडद्यावर पाहून नाडी धरता येत नाही.

इथल्या इंटर्नशिपची ही वरची भर का हवी, हे मराठवाड्यातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागू नये. गोदाकाठच्या उसात साप निघतो, सरपणात हात घातला की विंचू डसतो, फवारणी करताना विष अंगात जातं. बर्फाच्या देशातल्या रुग्णालयात हे रुग्ण कुठून दिसणार? आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडच्या परिसरात राहिले. विंचूदंशाचे रुग्ण त्यांनी रात्र-रात्र जवळ बसून पाहिले आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे ज्ञान त्यांना रुग्णाच्या उशाशी बसून मिळालं. परदेशातून आलेल्या मुलानं इथल्या वॉर्डात घालवलेलं वर्ष अशाच शिक्षणाचं असतं.

आणि परत येऊन पुन्हा कसोटी देण्यात कमीपणा कसला? जुन्या काळातल्या डॉ. रखमाबाईंची आठवण करा. लंडनच्या महिला वैद्यकीय शाळेत त्या शिकल्या, परवान्याची परीक्षा स्कॉटलंडमध्ये दिली, एम.डी. ब्रसेल्सहून मिळवली, आणि मग सुरतला आणि राजकोटला अनेक वर्षं बायाबापड्यांची सेवा केली. एका दाराशी अडलं, तर त्यांनी पुढचं दार ठोठावलं. आपल्या देशातल्या पदव्यांनाही हा अनुभव आला आहे. १९३० साली ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलनं आपल्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, आणि १९३३ च्या कायद्यानं आपली स्वतःची परिषद उभी राहिली. पदवी कुठलीही असो, जिथे काम करायचं तिथल्या कसोटीला तिला उतरावंच लागतं.

म्हणून आई-बापांनो, जवळ कागद-पेन असेल तर लिहून घ्या. एजंटाला पैसे देण्याआधी अभ्यासक्रमाचे महिने आणि इंटर्नशिप लेखी मागा. आयोगाचे नियम मुलाला स्वतः वाचायला लावा. नीटचं गुणपत्रक, पासपोर्ट, दरवर्षीच्या गुणपत्रिका, प्रत्येक कागद सांभाळा. परत येताना पदवीवर आपल्या दूतावासाची साक्षांकनाची मोहोर किंवा अपोस्टिल हे प्रमाणपत्र लागतं. आणि परतल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांचा खर्च आजच बाजूला ठेवा.

ज्यांची मुलं परत आली आहेत आणि एक-दोनदा नापास झाली आहेत, त्यांना एकच विनंती. पारावर कुणी विचारलं, तर मान खाली घालू नका. लेकराला वेळ द्या, अभ्यासाला बसू द्या. आपल्या गावांना डॉक्टर हवे आहेत, आणि ते तयार होऊन यायला हवे आहेत.