संदर्भांची जपणूक



मुंबई-गोवा महामार्गावरून दक्षिणेकडे येतांना कसाल येथें उजव्या हातास एक रस्ता मालवणकडे वळतो. त्या तिठ्यापासून जवळच आमचें घर आहे, आणि त्या घराच्या पडवींत बसून माझी भाची सध्यां आपला प्रबंध लिहीत आहे. ‘आरती प्रभू’ या नांवानें कविता व चिं. त्र्यं. खानोलकर या नांवानें कादंबऱ्या लिहिणारे लेखक आमच्या कुडाळकडचे. त्यांच्या गद्यांत इकडच्या बोलीचे जे शब्द आले आहेत, ते कोशांत केव्हां व कसे नोंदले गेले, हा तिचा विषय. आजचें माझें भाषण त्या विषयावर नाहीं. त्या प्रबंधासाठीं ती संदर्भ कसे गोळा करते, तें पाहतां पाहतां जें मनांत आलें, तेवढेंच आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

आमच्या पिढीचा संदर्भसंग्रह म्हणजे पत्र्याच्या डब्यांतील चिठ्ठ्या. ग्रंथालयांत बसावें, ग्रंथकाराचें नांव, ग्रंथाचें नांव, आवृत्ति, वर्ष, पृष्ठ हें सर्व हातानें उतरून घ्यावें आणि घरीं येऊन चिठ्ठ्या अक्षरानुक्रमानें लावाव्या. या कामाचा कळस मराठींत शंकर गणेश दाते यांनी केला. 1800 ते 1937 पर्यंत छापलेल्या मराठी ग्रंथांची विषयवार सूची त्यांनी सिद्ध केली आणि पुढील खंडांत ती 1950 पर्यंत आणून ठेवली. हजारों ग्रंथांच्या नोंदी, आणि हें सारें संगणक नसतांना! ‘दाते-सूची’ हें नांव आजही संशोधकांच्या तोंडीं आहे, तें उगाच नव्हे.

भाचीचा डबा मात्र निराळा आहे. त्याचें नांव झोटेरो. अमेरिकेंतील जॉर्ज मेसन विद्यापीठांत 2006 सालीं हें सॉफ्टवेअर निघालें; तें विनामूल्य मिळतें. ग्रंथालयाची सूची किंवा नियतकालिकाचा लेख संगणकावर उघडला, कीं वरच्या कोपऱ्यांत ग्रंथाचें वा कागदाचें लहानसें चित्र दिसतें. तें दाबलें, कीं ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष हीं सर्व आपापल्या रकान्यांत जाऊन बसतात. पुढें लिहितांना योग्य जागीं खूण केली, तर तळटीप आणि शेवटची ग्रंथसूची तें आपणच तयार करतें. विद्यापीठाची पद्धत बदलली, तर सबंध सूची क्षणांत त्या पद्धतीची होते. संग्रह स्वतःच्याच संगणकांत राहतो, ही गोष्ट आमच्याकडे मोलाची. कारण पावसाळ्यांत वीज आणि इंटरनेट यांपैकीं कशाचाच भरंवसा नसतो.

हें कसें घडतें, हें समजून घेणें अवश्य आहे. यंत्र तें पान आपल्यासारखें वाचीत नाहीं. वाचकाला न दिसणारी एक नोंद अशा पानांच्या पोटांत असते. त्यांत ग्रंथकार अमुक, वर्ष अमुक असें यंत्राला समजेल अशा रीतीनें लिहिलेलें असतें. सॉफ्टवेअर तेवढेंच उचलून आणतें. ती नोंद कोणी तरी माणसानें केलेली असते, आणि तिच्यांत जें आहे तें बऱ्यावाईटासकट आपल्या संग्रहांत येतें. जेथें अशी नोंदच नसेल, तेथें नुसतें पानाचें नांव आणि पत्ता हातीं लागतो. घाईंत तें ध्यानांत येत नाहीं.

आतां मोल्सवर्थचें उदाहरण सांगतों. भाचीनें एका प्रकरणांत असें प्रतिपादन केलें होतें, कीं आमच्या बाजूचा एक शब्द प्रथम ‘कोंडुरा’ कादंबरींत छापला गेला आणि कोशकारांनी तो मागाहून घेतला. (तो शब्द येथें सांगत नाहीं, प्रबंध अजून तिचा आहे, माझा नव्हे.) कादंबरी 1966 ची. तळटिपेंत कोशाचा आधार होता : मोल्सवर्थ, 1975. मी तें वाचून थांबलों. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम निघाला 1831 सालीं. सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ति 1857 ची. 1975 सालीं पुण्यास झालें तें पुनर्मुद्रण. तिनें ज्या सूचींतून नोंद घेतली, ती पुनर्मुद्रणाच्या प्रतीची होती आणि त्या प्रतीपुरतें 1975 हें वर्ष अगदीं बरोबर होतें. सूचीकाराची चूक नाहीं, सॉफ्टवेअरचीही नाहीं. पण एकशें अठरा वर्षांचा फरक पडला आणि त्यावर उभें केलेलें सबंध प्रकरण कोसळलें.

“मामानू, ह्यां माका म्हायत नाय हुतां,” असें ती घरच्या बोलींत म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसली. तीन महिन्यांचें काम होतें. मला वाईट वाटलें. परंतु परीक्षकाच्या हातून उघड होण्यापेक्षां पडवींत उघड झालें, हें बरें असेंही वाटलें.

त्या दिवसापासून आम्हीं दोघांनी तिच्या नोंदी एकेक करून तपासावयास घेतल्या आहेत. मराठी ग्रंथांच्या बाबतींत किती ठिकाणीं अडखळावें लागतें, हें तेव्हां मला कळलें. खानोलकर तिच्या संग्रहांत तीन व्यक्ति होऊन बसले होते : एक देवनागरींत, एक रोमन लिपींत आणि एक ‘आरती प्रभू’. सॉफ्टवेअरनें ‘प्रभू’ हें आडनांव आणि ‘आरती’ हें व्यक्तिनाम असा न्याय केला होता! टोपणनांव असें फोडूं नये; नांव एकाच रकान्यांत लिहिण्याची सोय तेथें आहे, ती वापरावी. परदेशी ग्रंथालयांच्या सूचींत देवनागरी शब्दाचा प्रत्येक अकार रोमन लिपींत लिहिण्याची रीत आहे. त्यामुळें ‘टिळक’ हें नांव वाचतांना ‘टिळका’सारखें दिसतें. तें चूक नव्हे. मात्र तेंच नांव दुसरीकडून निराळ्या अक्षरांनी आलें, कीं यंत्राला तीं दोन माणसें वाटतात.

शकाचा घोटाळा याहून अवघड. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदां शके एवढेंच असतें. ‘1790’ असा आंकडा रकान्यांत पडला, कीं यंत्र तो इसवी सन समजतें आणि 1868 च्या सुमाराचें पुस्तक पेशवाईंत जाऊन बसतें. शकांत 78 मिळवावे. चैत्रापूर्वीचे, जानेवारी ते मार्चमधील दिवस असतील तर 79. वर्षाच्या रकान्यांत इसवी सन लिहावा आणि शके, तसेंच पुनर्मुद्रण असल्यास मूळ आवृत्तीचें वर्ष, ‘अधिक’ माहितीच्या रकान्यांत नोंदवावें, असें आम्हीं ठरविलें आहे.

यंत्राची बाजूही सांगितली पाहिजे. एखादा शास्त्रीय लेख सदोष ठरून मागें घेतला गेला, तर संग्रहांतील त्याच्या नोंदीवर झोटेरो इशारा देतें. ही सोय 2019 पासून आहे. माझ्या पत्र्याच्या डब्यांतील चिठ्ठी असें कधीं बोलली नसती. उलट, हल्लीं विचारल्याबरोबर उत्तर लिहून देणारीं यंत्रें निघालीं आहेत. तीं कधीं कधीं जगांत नसलेल्या लेखाचें नांव, कर्ता आणि वर्ष इतक्या ऐटींत देतात, कीं कोणीही फसावें. असा संदर्भ हातानें भरला, तर सॉफ्टवेअर त्याला नकार देत नाहीं. सुरेख तळटीप करून देतें. म्हणून भाचीला मी एकच अट घातली आहे : ज्याचें शीर्षकपृष्ठ, मग तें कागदावर असो वा पडद्यावर, डोळ्यांनी पाहिलें नाहीं, तें प्रबंधांत घ्यावयाचें नाहीं. तिला ती जाचक वाटते. आणि दूरच्या ग्रंथालयांतील प्रतीसाठीं कसालहून प्रवास करावा लागतो, तेव्हां मलाही वाटते.

मोल्सवर्थसाठीं मात्र प्रवास करावा लागला नाहीं. शिकागो विद्यापीठानें दक्षिण आशियांतील भाषांचे कोश इंटरनेटवर सर्वांस खुले केले आहेत. त्यांत 1857 ची आवृत्ति आहे. तिनें ती उघडली, शब्द शोधला, आणि तो तेथें होता. मग तिनेंच विचारलें, कीं खानोलकरांच्या आधीं शंभर वर्षें हा शब्द कोशांत होता, तर तो कोशकारांना कोंकणांतून कोणी सांगितला असेल? पडलेल्या प्रकरणाच्या जागीं आतां हा प्रश्न आहे, आणि तो मला पहिल्यापेक्षां चांगला वाटतो. पण त्यापूर्वीं एकशें बारा नोंदी तपासावयाच्या उरल्या आहेत. रोज रात्रीं जेवणानंतर दहा होतात.