बाळंतिणीची शुश्रूषा आणि नवें ज्ञान
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त उमरगा येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या आठवड्यांत निरनिराळ्या विषयांवर व्याख्यानें व्हावीं असें ठरलें, त्यांत परिचारिका व सुईणी यांच्या सेवेचा विषय मजकडे आला. ब्रह्मचारी धर्मगुरूनें बाळंतपणावर काय बोलावें, असें एका आजीबाईंनीं मला तोंडावरच विचारलें. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मजजवळ आहे, आणि तें जुन्या कायद्याचें आहे. १९१७ सालच्या ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेंत धर्मग्रामाच्या धर्मगुरूला स्पष्ट सांगितलें होतें कीं, संकटसमयीं स्नानसंस्कार कसा द्यावा हें श्रद्धावंतांना, आणि विशेषेंकरून सुईणी व वैद्य यांना, नीट येतें कीं नाहीं इकडे त्यानें लक्ष पुरवावें. मरणोन्मुख अर्भकाच्या आत्म्याविषयीं जी सभा इतकी दक्ष, तिनें त्याच्या देहाची व त्याच्या आईच्या देहाची काळजी दुसऱ्यांवर टाकून स्वस्थ बसावें हें शोभत नाहीं.

ख्रिस्तसभेलाही हें अंगीकारावयास वेळ लागला, ही गोष्ट झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. व्रतस्थ भगिनींनीं प्रसूतीचें काम करूं नये असा निर्बंध पुष्कळ काळ होता. इकडे हिंदुस्थानांत पडद्यांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरापुढें येत नसत आणि मदतीवांचून मरत. स्कॉटलंडच्या डॉ. अॅग्नेस मॅक्लॅरन यांनीं हें गाऱ्हाणें रोमपर्यंत नेलें. ऑस्ट्रियाच्या डॉ. आना डेंगल यांनीं रावळपिंडीच्या रुग्णालयांत हेंच डोळ्यांनीं पाहिलें आणि १९२५ सालीं अमेरिकेंत वैद्यकीय सेवा करणाऱ्या भगिनींचा संघ काढला. शेवटीं ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमहून आज्ञापत्र निघालें. भगिनींनीं वैद्यकी व प्रसूतिसेवा करण्यास त्यानें मोकळीक दिली, आणि त्यांनीं त्या विद्येचें रीतसर शिक्षण घ्यावें असेंही सांगितलें. अनुभवाचा पुरावा पुढें आला आणि नियम बदलला. आजच्या माझ्या बोलण्याचा रोख एवढाच आहे.

परंतु पुरावा पुढें आला म्हणजे लोक तो मानतातच असें नाहीं. व्हिएन्ना येथील सरकारी रुग्णालयांत दोन बाळंतविभाग होते. एकांत डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागांत सूतिकाज्वरानें बायका कितीतरी अधिक मरत. इग्नाझ सेमेलवाइस नांवाच्या तरुण डॉक्टरानें ताडलें कीं, विद्यार्थी प्रेतें चिरून त्याच हातांनीं बाळंतिणींना तपासतात, तेथेंच रोगाचें मूळ आहे. १८४७ सालीं त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुणें सक्तीचें केलें. त्या वर्षाच्या एप्रिलांत शंभरांत १८ बायका दगावत होत्या. कांहीं महिन्यांतच तें प्रमाण दोनच्या आसपास आलें. इतकें होऊनही मोठमोठ्या अध्यापकांनीं त्याचें ऐकलें नाहीं, आणि तो १८६५ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत मेला. आपले हात घाणेरडे आहेत हें ऐकून घेणें विद्वानांना फार जड जातें.

आतां आपल्या जवळपासच्या गोष्टींकडे वळूं. बाळंतपणांत आईच्या जिवावर जीं संकटें येतात त्यांत सर्वांत वेगानें घात करणारें संकट म्हणजे मूल झाल्यावर न थांबणारा रक्तस्राव. गर्भाशय आवळून आलें नाहीं तर दोन तासांतही बाई हातची जाते. खेड्यांतून मोठ्या रुग्णालयांत पोंचेपर्यंतच तेवढा वेळ सरतो. मग खेड्यांतल्या खेड्यांत, नर्सबाईच्या हातून, कांहीं करतां येईल काय? हा प्रश्न सीमेपलीकडील बेळगांव जिल्ह्यांत विचारला गेला. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनीं अमेरिकेंतील संशोधकांच्या सोबतीनें २००२ ते २००५ या काळांत खेड्यांतील १,६२० बाळंतिणींवर एक प्रयोग केला. घरीं किंवा उपकेंद्रांत बाळंतपण करणाऱ्या ए.एन.एम. नर्सबाईंनींच तो पार पाडला. मूल जन्मतांच कांहीं बायकांना मिझोप्रोस्टॉल नांवाच्या गोळ्या दिल्या, कांहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळावें हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरलें, म्हणजे कोणाच्या आवडीनिवडीला त्यांत वाव राहिला नाहीं. ज्यांना औषध नव्हतें त्यांच्यापैकीं शंभरांत १२ जणींना अतिरक्तस्राव झाला. ज्यांना औषध मिळालें त्यांच्यांत सहा-साडेसहा जणींनाच. घडीच्या पुड्यांत मावणारें, बर्फाची गरज नसलेलें औषध, आणि देणारी आपल्यासारख्याच गांवांतली नर्सबाई! २००६ सालीं हा प्रयोग ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला.

पण त्या प्रयोगांतली मला अधिक मोलाची वाटणारी वस्तु औषध नव्हे, ती प्लॅस्टिकची एक साधी चादर आहे. रक्त किती गेलें हें सुईण डोळ्यांनीं अंदाजून सांगते. लुगड्यांत मुरलेलें, जमिनीवर सांडलेलें रक्त अंदाजानें कसें मोजणार? म्हणून बेळगांवच्या मंडळींनीं बाळंतिणीच्या खालीं पसरावयाची, टोंकाला नरसाळ्यासारखी पिशवी असलेली व त्या पिशवीवर मापाच्या रेघा असलेली चादर तयार केली. ती लावून पाहिलें तों डोळ्यांचा अंदाज खऱ्या मापाच्या सुमारें एक-तृतीयांशानें कमी भरतो असें आढळलें. वर्षानुवर्षें अनुभव असलेल्या माणसाचा डोळाही आपल्या बाजूनें कौल देतो. सर्व ठीक आहे असें त्याला वाटावयाचें असतें.

हीच कल्पना पुढें आफ्रिकेंत गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत दोन लाखांवर बाळंतपणांचा अभ्यास झाला व तो २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णालयांत नेहमींची रीत ठेवली. उरलेल्यांत मापाची चादर दिली, आणि रक्त अमक्या रेघेपर्यंत आलें कीं वाट न पाहतां सर्व उपचार एकदम सुरू करावे असें ठरवून दिलें: गर्भाशयाला चोळणें, तें आवळणारें औषध, रक्त थांबविणारें ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, शिरेंतून सलाइन, आणि कारण शोधण्यासाठीं तपासणी. पहिल्या रुग्णालयांत शंभर बाळंतिणींमागें चार जणींहून अधिक स्त्रियांवर अतिरक्तस्रावाचा कठीण प्रसंग आला. दुसऱ्यांत दोघींहूनही कमी जणींवर. आणि यांतलें एकही औषध नवें नव्हतें! पहिल्या रुग्णालयांतही तीं कपाटांत होतींच. तेथें अतिरक्तस्राव होणाऱ्या बायकांपैकीं जवळ जवळ निम्म्या कोणाच्या ध्यानांतच आल्या नाहींत, आणि ज्या आल्या त्यांना एक औषध द्यावें, त्याचा गुण येतो का पहावें, मग दुसरें द्यावें, असें करण्यांत घटका गेल्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या या भागांत पुष्कळ कांहीं बांधलें गेलें. सास्तूरचें स्पर्श रुग्णालय त्याच आपत्तींतून उभें राहिलें. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननें गांवोगांवच्या बायांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलें. इमारती, खाटा, गाड्या यांचें महत्त्व मी कमी लेखीत नाहीं. पण खाटेपाशीं उभ्या असलेल्या परिचारिकेला नवें ज्ञान वेळेवर पोंचतें काय, आणि पोंचल्यावर तें वापरण्याची मोकळीक तिला असते काय, हा प्रश्न इमारतीनें सुटत नाहीं.

मोकळीक हा शब्द मी मुद्दाम वापरला. कळा मंद आहेत म्हणून घरचीं माणसें नर्सबाईच्या मागें लागतात: “सुई मारा, लवकर सोडवा.” ही सुई बहुधा ऑक्सिटोसिनची असते. मूल झाल्यावर हेंच औषध आईचा जीव वाचवितें. मूल होण्यापूर्वीं तें दंडांत किंवा मांडींत टोंचलें तर कळा आवरत नाहींत, मुलाचा श्वास कोंडतो, प्रसंगीं गर्भाशय फाटतें. नर्सबाई हें जाणते. परंतु दहा नातेवाईक दाराशीं उभे, त्यांत एखादा गांवचा पुढारी, अशा वेळीं तिनें काय करावें? तिला शहाणपण शिकविण्यापूर्वीं आपण दारांतून दोन पावलें मागें सरलें पाहिजे. आणखी एक गोष्ट. हें औषध थंड जागीं ठेवावें लागतें. आपल्या वैशाखांत वीज गेलेल्या दवाखान्यांत त्याचा कस किती उरेल? म्हणून उष्णता सोसणाऱ्या कार्बेटोसिनची परीक्षा हिंदुस्थानासह दहा देशांत सुमारें २९,६०० बायकांवर झाली, आणि तें ऑक्सिटोसिनपेक्षां कमी पडत नाहीं असें २०१८ सालीं दिसून आलें.

संशोधन नवीं औषधें सांगतें तसें काय सोडावें हेंही सांगतें. प्रत्येक पहिलटकरणीला सरसकट छेद घेणें, केस काढणें, एनिमा देणें, पोटावर जोरानें दाबून मूल बाहेर ढकलणें, या गोष्टी करूं नयेत असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालच्या सूचनांत म्हटलें आहे. नाळ निदान एक मिनिटभर तरी कापूं नये. बाळंतिणीजवळ तिच्या विश्वासाची एक बाई असूं द्यावी. या शेवटच्या गोष्टीला एक पैसा लागत नाहीं, आणि तरी आई, नणंद, जाऊ यांना दाराबाहेर घालविण्याची खोड कित्येक ठिकाणीं सुटलेली नाहीं.

मुलांविषयीं सांगावयाचें तर गडचिरोलीचें उदाहरण सर्वांत मोठें. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें ३९ गांवांत थोड्या शिकलेल्या बायांना नवजात मुलाची देखभाल शिकविली. मूल उबदार ठेवणें, श्वास न घेणाऱ्या मुलाला श्वास देणें, जंतुदोषाचीं लक्षणें ओळखून इंजेक्शनही देणें, हें सारें त्या घरोघर जाऊन करीत. त्या गांवांत जन्मलेल्या हजार मुलांमागें पहिल्या महिन्यांत ६२ मरत होतीं. १९९८ पर्यंत हा आंकडा २५ च्या आसपास आला. शेजारच्या इतर गांवांत तसा फरक पडला नाहीं. १९९९ सालीं हें प्रसिद्ध झालें. पुढें महाराष्ट्रांत आणखी सात ठिकाणीं ही रीत करून पाहिली, तेथेंही ती लागू पडली. मग २०११ सालीं भारत सरकारनें ती देशभर आशाताईंवर सोपविली. रुग्णालयांत जन्मलेल्या मुलाकडे आशाताईनें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं यावयाचें. घरीं जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशींही. या तारखा कोणा साहेबाच्या लहरीच्या नव्हेत, त्यांच्या पाठीशीं गडचिरोलीचा अनुभव आहे.

आतां आपल्या दारांत काय घडतें तें पहा. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले कीं आपल्या जिल्ह्यांतून जोडपीं कोयता घेऊन निघतात. दिवस भरत आलेली बाई उसाच्या फडांत असते, कोपींत बाळंत होते, आणि तिच्या नांवाचे सातही दिवस गांवच्या आशाताईच्या वहींत कोरे राहतात. जेथें ती आहे तेथील आशाताईला ती ठाऊक नसते. एखाद्या शास्त्रज्ञाचें ज्ञान कितीही खरें असलें तरी तें कोपीपर्यंत आपण होऊन चालत जात नाहीं. आपल्या धर्मग्रामांतील जी जोडपीं जातात त्यांना माझें आग्रहाचें सांगणें कीं, बाईचें कार्ड बरोबर न्या, उतरल्याबरोबर मुकादमाला विचारून जवळच्या उपकेंद्रांत नांव कळवा, आणि बाळंतपणाचे दिवस जवळ आले असतील तर बाईला मागें ठेवा. उचल फेडावयाची असते हें मला ठाऊक आहे. मुकादमाशीं बोलावयास मी स्वतः येईन.

कमी वजनाचीं मुलें वाचविण्याची ‘कांगारू’ रीत कोलंबिया देशांतील बोगोटा शहरांत १९७८-७९ च्या सुमारास निघाली, कारण तेथें उबेच्या पेट्या पुरत नव्हत्या. मूल आईच्या उघड्या छातीशीं, कातडीला कातडी लावून ठेवावयाचें. पूर्वीं मूल स्थिरावल्यावर हें सुरू करीत. दिल्लीचें सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेंतील चार देशांतील रुग्णालयें यांत जन्मतांच हें सुरू करून पाहिलें, तों पहिल्या महिन्यांतील मृत्यु एक-चतुर्थांशानें घटले. २०२१ सालीं हें प्रसिद्ध झालें. म्हणून नातू अशक्त असेल तर त्याला आईपासून वेगळा काढून न्हाऊं घालूं नका, आणि मध, गुटी किंवा दुसरें कांहीं चाटवूं नका. आईचें पहिलें पिवळें दूध, ज्याला आपण चीक म्हणतों, तें टाकूं नका. आजीबाई, हें मुख्यतः आपणांसाठीं आहे; घरांत आपला शब्द डॉक्टरापेक्षां वरचढ असतो हें मी जाणून आहें.

पुरावा नेहमीं आपल्या मनासारखा येतो असेंही नाहीं. बेळगांव व नागपूर ज्यांत होतीं अशा सात देशांच्या एका मोठ्या अभ्यासांत कळा देणाऱ्या स्त्रियांना अॅझिथ्रोमायसिनचा एकच डोस दिला. आईला जंतुदोष होण्याचें किंवा त्यांत तिचा मृत्यु होण्याचें प्रमाण सुमारें एक-तृतीयांशानें घटलें. मुलांना मात्र अपेक्षिलेला लाभ झाला नाहीं. नाळेला क्लोरहेक्झिडीन लावल्यानें नेपाळांत मुलें वाचलीं, झांबियांत फरक दिसला नाहीं. म्हणून छापून आलें एवढ्यावरून धांवत सुटूं नये. कोठें, कोणावर, कोणत्या परिस्थितींत हें पहावें. नाळेला राख किंवा हळद लावण्याचा सल्ला मात्र कोणत्याही अभ्यासानें दिलेला नाहीं.

आपल्या धर्मग्रामांतील ज्या मुली परिचारिकेचें शिक्षण घेत आहेत, त्यांनीं परीक्षेबरोबर वाचन संपवूं नये. महिन्यांतून एकदां धर्मग्रामाच्या सभागृहांत जमा, कोणी एकीनें नवें कांहीं वाचून यावें, आणि आपल्या दवाखान्यांत तें करतां येतें काय यावर बोलावें. खोली, दिवे व चहा यांचा भार माझ्याकडे. पहिली बैठक पुढल्या महिन्याच्या पहिल्या रविवारीं, मिस्सेनंतर. आशाताईंनाही, त्या कोणत्याही धर्माच्या असोत, निमंत्रण दिलें आहे.

आतां भगिनी हात धुण्याची रीत करून दाखवितील. बायकांबरोबर पुरुषांनींही पुढें यावें. पाणी व साबण व्हरांड्यांत ठेविला आहे.