पार्किंगच्या डोक्यावरचं घर



पुण्यात चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करत पौडला जाताना नव्या इमारतींचा तळमजला बघा. बहुतेक ठिकाणी खाली नुसते खांब आणि गाड्या, भिंती सुरू होतात त्या वर. भिंतींमुळे वरचे मजले ताठ राहतात आणि भूकंपात सगळा ताण त्या मोकळ्या मजल्याच्या खांबांवर येतो. 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर लांब अहमदाबादेत अशाच धाटणीच्या इमारती खाली बसल्या.

'आपल्याकडे कुठे येतो भूकंप?' असं कुणी म्हणालं तर किल्लारी आठवावी. त्या वेळच्या नकाशात ती सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथली दगड-मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. 2016 च्या भारतीय मानकात पुणे जिल्हा तिसऱ्या विभागात आहे आणि 1967 साली हादरलेलं कोयनानगर चौथ्यात.

पौडच्या पुढे मुळशीत त्यात उताराची भर. डोंगरउतारावरच्या घराचे दरीकडचे खांब उंच, डोंगराकडचे आखूड. आखूड म्हणजे भक्कम, असं आपल्याला वाटतं. पण तो लवत नाही, म्हणून जास्त जोर अंगावर घेतो आणि आधी त्यालाच तिरकी चीर पडते. वीकेंड होम घेणारा धरणाचा देखावा बघतो; खांब कोण बघतो?

तपासणीच्या पहिल्या फेरीला यंत्र लागत नाही. जाणता अभियंता बाहेरूनच पाहतो: मजले किती, आकार सरळ चौकोनी आहे की वेडावाकडा, मागाहून मजला चढवलाय का, प्लास्टर सुटून गंजलेली सळई दिसतेय का. शंका आली की मग हॅमर टेस्ट, नकाशे आणि आकडेमोड.

बांधकाम चालू असेल तर खांबातल्या सळयांभोवतीच्या रिंगची टोकं तुम्हीही पाहू शकता. नुसती काटकोनात वळवलेली रिंग हादऱ्यात उघडते. टोक 135 अंशांत, आतल्या बाजूला वळलेलं हवं. काँक्रीट पडल्यावर हे डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा त्याआधीच जा. ठेकेदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

आणि सोसायटीच्या येत्या सभेत रंगकामाआधी स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय घ्या. ऑडिट करणाऱ्याला भूकंपाबद्दल वेगळं विचारा. गळती आणि गंज तो पाहीलच. आडव्या जोराचा हिशेब मात्र मागून घ्यावा लागतो.