चाव्यांचा जुडगा
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय ‘शाळेच्या इमारतीची देखभाल’. दहावी ‘अ’च्या शेवटच्या बाकावर बसून कर्कटकाने फळी कोरणाऱ्या मुलीला हा विषय द्यायचा, म्हणजे कमाल आहे. बाई हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

खरं कारण तुम्हाला माहीत आहे. आपल्या ग्रुपवर ठरलं की जमलेल्या वर्गणीतून शाळेची सगळी देखभाल तीन वर्षांसाठी एका एजन्सीला द्यायची. झाडलोट, पाणी, वीज, रखवाली, सगळं. सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि मी एकटीने लिहिलं, ‘जरा थांबूया’. त्यावर दोघातिघांनी मला फोन करून झाडलं. म्हणून आज माइक माझ्या हातात आहे.

आधी हे सांगते की मी कंत्राटाच्या विरोधात नाही. माझं पोट त्यावरच चालतं. गेली पंधरा वर्षं मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते, त्यावर मोठमोठ्या ऑफिसांच्या इमारती चालतात. तिथे लिफ्टवाला, एसीवाला, सफाईवाल्या ताई, गेटवरचा रखवालदार, यांतलं कुणीही त्या कंपनीच्या पगारावर नसतं. काही कामं बाहेरच द्यावी लागतात. आगीच्या बंदोबस्ताचंच घ्या. २००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार ती यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडूनच घ्यावा लागतो. तिथे आपल्या घरच्या माणसाची हुशारी कामाची नाही.

पण माझी एक चूक सांगते. आमच्या प्रोग्रॅममध्ये तक्रार नोंदली की घड्याळ चालू होतं आणि ठरल्या वेळेत तक्रार बंद झाली की ठेकेदाराच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो. पैसे त्या ठिपक्यांवर. हा हिशोब मी लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर छतातून पाणी ठिबकायचं. तक्रार आली की माणूस जायचा, फरशी पुसायचा, बादली ठेवायचा आणि तक्रार बंद करायचा. असं सात वेळा झालं आणि सातही ठिपके हिरवे. वरच्या मजल्यावर जाऊन पाइप बघायला कुणी गेलं नाही, कारण प्लंबिंगचं कंत्राट दुसऱ्याचं होतं. शेवटी एका रात्री छताचे तक्ते खाली आले. रात्र होती म्हणून कुणाला लागलं नाही. नंतर कळलं, तिथला जुना प्लंबर तो सांधा ओळखून होता, दर पावसाळ्याआधी आवळायचा. कंत्राट बदललं तेव्हा त्याला कमी केलं होतं. त्याला काय माहीत आहे हे विचारण्यासाठी माझ्या प्रोग्रॅममध्ये रकानाच नव्हता. आता त्याच जागेची तक्रार तीस दिवसांत पुन्हा आली तर पहिली बंद झालीच नाही असं धरतो. एवढी अक्कल यायला छत पडावं लागलं.

तेव्हा मला आपले शिपाईमामा आठवले. मामा, तुम्ही पहिल्या रांगेत आहात, म्हणून तुमच्यादेखत बोलते. आपल्याला मामा म्हणजे घंटा आणि नोटिशीची वही एवढेच आठवतात. पण जून लागायच्या आत कौलं शाकारून घेणारे, पन्हळीतला पाला काढणारे, टाकी भरली की आवाजावरून ओळखणारे मामाच होते. कमरेला तो चाव्यांचा जुडगा. कुठली चावी कुठल्या कुलुपाची, हे त्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. ते मामांच्या बोटांना ठाऊक होतं.

मामा चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर ती जागाही संपली. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार खाजगी अनुदानित शाळांत शिपायासारख्या चतुर्थश्रेणीच्या जागा माणूस निवृत्त झाला की पुन्हा भरायच्या नाहीत. त्याऐवजी शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ मिळतो. आपल्यासारख्या गावात महिना ५,००० रुपये. त्यात कोण आणि किती वेळ येणार? म्हणून हेडसरांनी आपल्याकडे हात पुढे केला. त्यांची काही चूक नाही. एजन्सी लागणारच आहे, हे मलाही मान्य आहे.

माझं म्हणणं एवढंच, की सगळ्यात कमी दराची निविदा डोळे मिटून घेऊ नका. मी हिशोब मांडून पाहिला. कामगाराच्या पगारावर मालकाला भविष्य निर्वाह निधी आणि त्याचे आकार मिळून १३ टक्के, राज्य विमा ३.२५ टक्के, बोनस कमीत कमी ८.३३ टक्के द्यावा लागतो. म्हणजे शंभर रुपयांच्या पगारामागे जवळपास पंचवीस रुपये वर. सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस, फिनेल, झाडू, ठेकेदाराचा नफा आणि जीएसटी वेगळा. आपल्याकडे आलेला सर्वांत कमी दर किमान वेतन आणि हे पंचवीस रुपये धरले तरी त्याच्याही खाली आहे. ठेकेदार स्वतःच्या खिशातून शाळा झाडणार नाही. ते पैसे कुणाच्या पगारातून जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी काम करून घेणाऱ्यावर येते, हे कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यातच होतं. आपल्यासारख्या लहान कामाला ते कलम लागो न लागो, आपल्या करारात ते असू दे. आणि सेप्टिक टँक उपसायला यंत्रच येईल, माणूस आत उतरणार नाही, हेही स्पष्ट लिहून घेऊ.

या अटी घातल्या तर आपली वर्गणी तीन वर्षं पुरणार नाही, दोनच पुरेल. ज्यांनी मला फोनवर झाडलं त्यांचा मुद्दा हाच होता आणि तो बरोबर आहे. तरी मी म्हणते दोनच वर्षं करूया. तिसऱ्या वर्षाचं तेव्हा पुन्हा पदर पसरून बघू.

आणि सही करण्याआधी एक काम. मामांनी हो म्हटलंय. उद्या रविवारी सकाळी आठ वाजता ते आपल्याबरोबर शाळाभर फिरणार आहेत. कुठली पाण्याची चावी कुठली लाइन बंद करते, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, कुठल्या वर्गाची भिंत कुठून ओल धरते, हे ते दाखवतील आणि आपण लिहून घेऊ, फोटो काढू. तो नकाशा शाळेच्या मालकीचा राहील, ठेकेदाराच्या नाही. कंत्राट बदललं की नव्या माणसाच्या हातात तो द्यायचा, आणि जाणाऱ्याने त्यात काय भर घातली ते बघितल्याशिवाय शेवटचं बिल चुकतं करायचं नाही.

गच्चीवर चढायचं आहे, तेव्हा साडीवाल्या मैत्रिणींनो, उद्या पंजाबी ड्रेस घाला. फोन चार्ज करून आणा. टाकीपाशी भेटू.