घर आणि घराखालची जमीन



इतिहास, नाटक, वेदान्त असल्या विषयांच्या पंगतीत आजचा विषय फारच ऐहिक आहे. घरात आणि जागेत पैसा कसा घालावा, हा तो विषय. यावर बोलणारा मनुष्य बहुधा काहीतरी विकायला आलेला असतो. माझ्याजवळ विकण्यासारखे काही नाही, एवढे आधीच सांगून टाकतो.

आपल्या मध्यमवर्गात एक समजूत फार खोल रुजली आहे. जागेत घातलेला पैसा कधी बुडत नाही, आणि भाड्याने राहणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे. ही समजूत कशी उतरते ते एका उदाहरणावर पाहू. समजा, एका निवृत्त गृहस्थांनी प्रॉव्हिडंट फंडाची सारी रक्कम घालून ८० लाखांचा दुसरा फ्लॅट घेतला. राहते घर वेगळे आहे, हा उत्पन्नासाठी. भाडे महिना २०,००० मिळाले, म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार. बरोबर तीन टक्के. आता यातून सोसायटीची वर्गणी वजा करा, घरपट्टी वजा करा, एखादा महिना जागा रिकामी राहते तो धरा, दलाली, रंगसफेदी, नळदुरुस्ती धरा. दोन टक्के हाती उरले तरी पुष्कळ झाले. हेच गृहस्थ बँकेच्या ठेवीवर दोन टक्के व्याज मिळाले असते तर व्यवस्थापकाच्या टेबलापुढे ठाण मांडून बसले असते!

आता उलट बाजूने पाहा. तोच फ्लॅट एखाद्या तरुण जोडप्याने ६० लाखांचे कर्ज काढून घेतला, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. हप्ता सुमारे ५२,००० येतो. वीस वर्षांत बँकेला जवळजवळ सव्वा कोट रुपये जातात. त्याच जागेत भाडेकरू म्हणून ते २०,००० मध्ये राहू शकले असते. उरलेले ३२,००० जर त्यांनी खरोखरच दरमहा बाजूला टाकले, तर भाड्याने राहण्यात कमीपणा कसला? 'खरोखरच' या शब्दावर मात्र सारे अवलंबून आहे. हप्ता सक्तीने बचत करवतो, भाडे करवीत नाही. आणि आपण स्वखुशीने किती बचत करतो ते प्रत्येकाने मनाशी ताडून पाहावे. शिवाय घरमालक कधी जागा सोडायला सांगेल या धास्तीतून सुटण्याची किंमत आकड्यांत मांडता येत नाही. तेव्हा राहते घर घेणाऱ्याशी माझे भांडण नाही. दुसऱ्या घराविषयी मात्र हे स्पष्ट आहे की त्याची सारी भिस्त भाड्यावर नसून पुढे किंमत वाढेल या आशेवर आहे.

मग वाढते ते नेमके काय?

घर ही एक वस्तू नसून दोन वस्तू आहेत. एक भिंती, छप्पर, जिने, नळ. दुसरी त्याखालची जमीन. पहिली वस्तू बांधून झाल्या दिवसापासून झिजू लागते. लोखंड गंजते, गच्ची गळते, लिफ्ट कुरकुरते. दुसरी झिजत नाही. शेजारून रस्ता गेला, शाळा निघाली, स्टेशन आले की तिचा भाव चढतो, आणि त्यात मालकाचे कर्तृत्व काडीचेही नसते. हेन्री जॉर्ज या अमेरिकन लेखकाने १८७९ साली हाच मुद्दा धरून एक जाडजूड ग्रंथ लिहिला. ही वाढ समाजाने घडवलेली आहे, तेव्हा ती कराच्या रूपाने समाजाकडे परत यावी, असे त्याचे म्हणणे. त्याचे औषध कोणाला कडू लागेल. निदान मात्र चुकलेले नाही.

यावरून एक जरा विक्षिप्त वाटेल असा हिशेब सुचवतो. फ्लॅट पाहायला जाल तेव्हा चौरस फुटाचा दर सगळेच विचारतात. आपल्या वाट्याला जमीन किती येते तेही विचारा. दहा गुंठ्यांवर वीस बिऱ्हाडांची जुनी तीनमजली इमारत असेल, तर प्रत्येकाला अर्धा गुंठा, म्हणजे सुमारे ५४४ चौरस फूट जमीन आली. एका एकरावर २०० बिऱ्हाडांचा मनोरा असेल तर प्रत्येकी सुमारे २१८. मनोऱ्यात पोहण्याचा तलाव असतो, व्यायामशाळा असते, दाराशी गणवेशातला पहारेकरी असतो. पण ही सारी झिजणाऱ्या वस्तूचीच आभूषणे आहेत. समोरचा रस्ता किती रुंद, तिथे चटई क्षेत्र किती मिळते, यावर जमिनीच्या वाट्याची किंमत बदलते हे खरे. तरी रंग उडालेल्या जुन्या इमारतीकडे पाहून नाक मुरडण्यापूर्वी हा भागाकार करावा.

पण हा भागाकार एका गोष्टीवाचून फुकट आहे. जमीन कोणाच्या नावावर आहे?

आमच्या लोकांचे इथे नवल वाटते. आयुष्याची कमाई घालून फ्लॅट घेतात, नोंदलेला करारनामा कपाटात जपून ठेवतात, आणि जमीन मात्र वीस-वीस वर्षे मूळ मालकाच्या नाहीतर बिल्डरच्या नावावर राहते. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅटविषयक कायद्याने बिल्डरवर जमिनीचे अभिहस्तांतरण, आपण ज्याला कन्व्हेयन्स म्हणतो ते, करून देण्याचे बंधन घातले; नियमांनी सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांची मुदतही घातली. तरी इतक्यांनी ते चुकवले की २००८ साली कायदा दुरुस्त करून 'मानीव अभिहस्तांतरण' आणावे लागले. म्हणजे बिल्डर सही करीत नसेल तर सोसायटीने सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याची आणि नोंदलेल्या करारावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम न घेण्याची सक्ती केली. हे चांगलेच झाले. पण जुन्या सोसायट्यांची जमीन त्याने आपोआप नावावर होत नाही.

याच्या उलट, १९१५ साली मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिथे वैयक्तिक मालकीचा अट्टहास नव्हता. संस्था मालक, आणि सभासद तिचेच भाडेकरू. ज्यांनी 'माझा फ्लॅट' असे कधी म्हटले नाही, त्यांनी जमिनीचा प्रश्न आधी सोडवला होता.

श्रोत्यांच्या काही चिठ्ठ्या आल्या आहेत. एकाने विचारले आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, मग काळजी कसली? सातबारा हे महसुलाचे दप्तर आहे, मालकीचा दस्तऐवज नव्हे. मूळ खरेदीखत पाहावे, दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा शोध घ्यावा. यासाठी वकिलाला द्यावे लागणारे पैसे वाचवणे ही सर्वांत महाग काटकसर आहे.

दुसरे विचारतात, भाडेकरू जागा बळकावील या भीतीने फ्लॅट कुलूपबंद ठेवला आहे, योग्य आहे का? ही भीती जुनी आहे, आणि सकारण होती. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. वाड्याच्या मालकाला मिळणाऱ्या भाड्यात चुनाही येईना. त्याने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही, आणि दोघांच्या मधोमध वाडा खचत गेला. परंतु ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आहे. अनुज्ञप्तीचा करार लेखी करावा, नोंदवावा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती चुकवली तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. कुलूप लावून घर सांभाळले जात नाही, वाळवी मात्र सांभाळली जाते.

तिसरी चिठ्ठी एका भगिनीची. आमच्या सोसायटीचे अभिहस्तांतरण झाले आहे की नाही, हे सभेत विचारले तर सगळे हसतात, काय करू? बाई, मिळकत पत्रिकेचा उतारा काढा. त्यावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते पुढच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवा.