डिझाइन स्टुडिओची पायरी चढताना



लग्नपत्रिका छापायची झाली की आपण थेट छापखान्यात जातो. तेथे नमुन्यांची जाडजूड वही पुढे येते. एक नमुना पसंत करायचा, नावे लिहून द्यायची, की चार दिवसांत पत्रिका हातात. डिझाइन स्टुडिओत मात्र अशी वही कोणी पुढे करीत नाही. उलट समोरचा माणूस आपल्यालाच प्रश्न विचारू लागतो. मग नवखा माणूस गांगरतो. कित्येकांना रागही येतो, की आम्ही आलो चित्र काढून घ्यायला आणि ही उलटतपासणी कसली? ती कशासाठी असते आणि तिला कोणत्या तयारीने सामोरे जावे, एवढेच आज बोलायचे आहे.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या सांगण्यावरून आपला देश पाहिला आणि १९५८ साली एक अहवाल दिला. त्यात त्यांनी गौरव कशाचा करावा? आपल्या साध्या लोट्याचा! लोटा करायचा तर काय काय विचारावे लागेल, याची त्यांनी यादीच दिली आहे. पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, ओतताना धार कशी पडावी, आतून घासायला हात जाईल का, किंमत किती पडेल. पुढे १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, १९६९ साली पवईच्या आय. आय. टी.त औद्योगिक डिझाइन केंद्र निघाले. तेथून आणि आपल्या जे. जे.तून शिकून बाहेर पडलेल्यांनी आज गावोगाव स्टुडिओ थाटले आहेत. त्यांच्या प्रश्नांचे मूळ त्या लोट्यात आहे, असे म्हटले तरी चालेल.

समजा, साताऱ्याकडच्या एक बाई कांदा-लसूण मसाला करतात. आजवर साध्या पिशवीत भरून ओळखीपाळखीत विकला. आता पुण्याच्या दुकानांतून ठेवायचा आहे. गाठीला पैसा आहे, पण तो एकदाच खर्चता येईल एवढाच. पाकीट फसले तर दुसरे करायची ऐपत नाही. अशा बाईंनी काय करावे?

पहिली गोष्ट, एकदम जाऊन दारात उभे राहू नये. आधी ई-मेलने किंवा चिठ्ठीने चार ओळी कळवाव्यात : माल कोणता, महिन्याला किती किलो होतो, कोणाला विकायचा आहे, केव्हा हवे आहे आणि किती खर्च झेपेल. हा शेवटचा आकडा सांगताना आपली जीभ अडखळते. सांगितला तर तेवढाच लावतील, ही भीती! पण आकडा कळला नाही, तर तो बिचारा डिझाइनर तीन रंगांचे साधे लेबल योजील की छापील पाऊच? पैशाचा अंदाज हा कामाचाच भाग आहे. शिवाय त्या स्टुडिओने पूर्वी केलेली कामे पाहून घ्यावीत. नुसत्या रूपाला भुलू नये. ती वस्तू खरोखर बाजारात आली का, हेही विचारावे.

भेटीला जाताना मसाला बरोबर न्यावा. जुनी पिशवी न्यावी. ज्या दुकानात तो ठेवायचा, त्याच फळीवरची इतरांची पाकिटे विकत घेऊन न्यावीत. भाच्याने मोबाइलवर काढलेले बोधचिन्ह मात्र घरीच ठेवावे, आणि "अमक्या कंपनीसारखेच करा" हे वाक्यही! मग प्रश्न सुरू होतात. मसाल्याला तेल सुटते का? पाकिटाबाहेर वास येतो का? गिऱ्हाईक तो बरणीत काढून ठेवते, की पाकिटातूनच चमचा घालते? बरणीत काढत असेल, तर महागडी चेन लावण्यात अर्थ काय? पाहा, एवढ्या एका उत्तराने पाकिटामागे काही पैसे वाचले. अशा वेळी बाईंनी बढाई न मारता खरे सांगावे. "आमचा माल सगळ्यांना आवडतो" या उत्तराने कोणाचेच काम होत नाही.

कायद्याचा मजकूर पहिल्याच दिवशी द्यावा. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क. खाण्याचा पदार्थ म्हणून घटक, हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. यांतल्या काही अक्षरांची किमान उंचीसुद्धा नियमाने ठरलेली आहे. हा मजकूर शेवटी आठवला, की देखण्या चित्राच्या पोटात तो कोंबावा लागतो.

आणि बरं का, नाव मराठीत हवे असेल तर तेही आधीच सांगावे. इंग्रजी अक्षरे सजवून झाल्यावर "आता हेच मराठीत करा" म्हटले, की आपल्या लिपीची फरफट होते. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार. तिला उंचीला जागा लागते. र. कृ. जोशी यांनी, ते २००८ साली गेले, भारतीय अक्षरांसाठी आयुष्य वेचले. संगणकावरचा 'मंगल' हा त्यांचाच. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे टंक तर कोणालाही मोफत वापरता येतात. मग मराठी नावाला हयगय कशासाठी?

आता पैशाचे. "आधी दोन-तीन नमुने दाखवा, पसंत पडले तर पैसे देऊ," असे आपण सहज म्हणतो. शिंप्याला असे कोणी म्हणत नाही. फुकटचा नमुना हा प्रश्न न विचारता काढलेला असतो, म्हणून तो बहुधा निरुपयोगी असतो. पण दुसरी बाजूही आहे. काही स्टुडिओ गिऱ्हाइकाशी इंग्रजीतच बोलतात आणि खर्चाचा तपशील विचारला की हसतात. तेथून सरळ उठावे. दर टप्प्याला किती रक्कम, किती वेळा दुरुस्ती, छपाईचा खर्च धरून की सोडून, हे कागदावर मागणे हा आपला हक्क आहे. आपल्या बाजूनेही होकार-नकार देणारे माणूस एकच असावे. घरातल्या सात जणांचे सात रंग एका पाकिटावर मावत नाहीत.

याच कागदावर आणखी एक कलम हवे, आणि ते बहुतेक जण विसरतात. पैसे दिले म्हणजे बोधचिन्हाचा कॉपीराइट आपोआप आपला झाला, असे समजू नये. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो हक्क लेखी आणि सहीनिशी सोपवावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. उद्या बाईंचा मसाला दुबईला गेला तर? तेव्हा मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहून घ्यावेत. मूळ फाइली कोणाकडे राहणार, हेही लिहावे. नाव नक्की करण्यापूर्वी ते दुसऱ्या कोणी ट्रेडमार्क म्हणून नोंदले आहे का, हे नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. मसाले तिसाव्या वर्गात येतात. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवून मिळते.

एवढे झाले, की आगाऊ रक्कम द्यावी आणि काम करू द्यावे. रोज फोन करू नये. नमुना आला की पडद्यावर पाहून हो म्हणू नये; पडद्यावरचा लाल आणि छापलेला लाल हे दोन वेगळे रंग असतात. ज्या कागदावर वा प्लॅस्टिकवर छापायचे, त्यावरच एक प्रत काढून मागावी. तिच्यात मसाला भरावा, आठवडाभर तशीच ठेवावी, आणि मग दुकानदाराला विनंती करून ती त्याच्या फळीवर इतरांच्या रांगेत उभी करून चार पावले मागे सरून पाहावी.